प्रगतीचे कारकून

शिलाँगच्या पावसाची कीर्ती सर्वश्रुत आहे. तेथल्या रॉक-संगीताच्या वेडाची कीर्ती मात्र आपल्या लोकांत फारशी पोचलेली नाही. बदलीच्या हुकमाने जो मराठी माणूस त्या गावी जाऊन पडतो त्याला प्रथम पाऊस भेटतो आणि त्याच्या पाठोपाठ गिटार. दर साल २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करण्याचा परिपाठ लू माजाव या गायकाने तेथे १९७२ साली सुरू केला, एवढे सांगितले म्हणजे त्या गावाची प्रकृती वाचकांच्या ध्यानात यावी. नाट्यपदांवर आणि अभंगांवर वाढलेला माझा कान तेथेच बाटला, आणि बाटल्याचा मला तिळमात्र पश्चात्ताप नाही. एका खासी सहकाऱ्याच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमत असू. त्याच्या वडिलांनी जमविलेल्या तबकड्या एकामागून एक लागत, चहा होई, आणि मग वाद होई. वादाचा विषय बहुधा एकच असे: ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणजे प्रगतिशील रॉक म्हणतात त्यात कोणाची गणना करावी आणि कोणाची करू नये.

एका शनिवारी कचेरीत नव्याने रुजू झालेला एक तरुण तेथे आला. त्याने येताना ‘रेडिओहेड’ या इंग्रज वाद्यवृंदाची १९९७ सालची ‘ओके कॉम्प्युटर’ ही ध्वनिमुद्रिका आणली होती. “हेही प्रोग्रेसिव्हच आहे, ऐका,” एवढेच तो म्हणाला. पहिले गीत पुरे होण्यापूर्वीच आमचे न्यायालय भरले. गीते लांब नाहीत, असा एकाने आक्षेप घेतला. सप्तकाबाहेर धावणारा ऑर्गन कोठे आहे, असे दुसऱ्याने विचारले. बिचाऱ्याने मेलोट्रॉन आहे हे निदर्शनास आणले, आणि ते खरेही होते. परंतु साक्ष उशिरा आली म्हणून ती फेटाळण्यात आली. अर्ज नामंजूर झाला. तबकडी निम्म्यावर काढण्यात आली. तो तरुण चहा पिऊन गेला तो पुन्हा आला नाही. आम्ही मात्र पुढच्या शनिवारी आपल्या चोखंदळपणावर संतुष्ट होऊन नेहमीच्या त्याच चार तबकड्या पुन्हा लावल्या. त्या पंचांत मीही होतो. आज मी जे लिहीत आहे ते त्या पंचांविरुद्ध लिहीत आहे, म्हणजे काही अंशी स्वतःविरुद्धच.

ज्यांना हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देणे अवश्य आहे. रॉक म्हणजे मुळात नाचाचे, तरुणांचे, तीन मिनिटांचे संगीत. १९६७ च्या सुमारास इंग्लंडमधील काही वादकांना ही तीन मिनिटे अपुरी वाटू लागली. त्या वर्षी बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ काढली. त्याच वर्षी ‘मूडी ब्ल्यूज’ यांनी वाद्यमेळाच्या साथीने एका संपूर्ण दिवसाचे चित्र गीतांतून उभे केले. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘किंग क्रिमसन’ यांची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ ही अवघ्या पाच गीतांची तबकडी आली आणि पंथाला आद्यग्रंथ मिळाला. पुढील पाच वर्षांत ‘येस’, ‘जेनेसिस’, ‘जेथ्रो टल’, ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या मंडळींनी तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या, मुसोर्गस्कीच्या पियानो-रचना विजेच्या वाद्यांवर वाजविल्या, ताल मोडले, जोडले, उलटे केले. १९७६-७७ साली ‘पंक’ची लाट आली आणि या साऱ्या वैभवाची यथेच्छ टर उडविली गेली. तरीही पंथ संपला नाही. त्याचे अनुयायी उरले, आणि अनुयायी उरले की सीमेवरचे तंटेही उरतातच.

आता पूर्वपक्ष मांडू. या तंट्यात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष लक्षणवाद्यांचा. ते म्हणतात, प्रगतिशील रॉकची लक्षणे ठरलेली आहेत: दीर्घ रचना, विषम मात्रांचे ताल, युरोपीय शास्त्रीय संगीताची उसनवार, मेलोट्रॉनसारखी वाद्ये, आणि सबंध तबकडीला व्यापून असणारे एखादे कथासूत्र. ज्यात ही लक्षणे आढळतील ते आत, बाकीचे बाहेर.

आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष फार पूर्वी सांगून ठेवले आहेत. जे लक्षण लक्ष्याबाहेरही लागू पडते त्यात अतिव्याप्ती. जे लक्ष्याच्याच काही भागाला लागू पडत नाही त्यात अव्याप्ती. या मंडळींची लक्षणे एकेक घेऊन त्या कसोटीवर लावून पाहू.

दीर्घता घ्या. ‘येस’ची ‘क्लोज टु द एज’ ही १९७२ सालची रचना अठरा मिनिटांची आहे. त्याच वर्षीची ‘जेनेसिस’ची ‘सपर्स रेडी’ जवळजवळ तेवीस मिनिटांची. ठीक. परंतु अमेरिकेतील ‘आयर्न बटरफ्लाय’ यांनी १९६८ सालीच सतरा मिनिटांचे एक गीत वाजविले होते, आणि त्यांना या पंक्तीत पाट मांडायला कोणी तयार नाही. ही अतिव्याप्ती. उलट ‘जंटल जायंट’ हे पंथातले सर्वमान्य पंडित. त्यांच्या १९७२ च्या ‘ऑक्टोपस’ या तबकडीतली बहुतेक गीते पाच मिनिटांच्या आत आटोपतात. ही अव्याप्ती. शिवाय विलंबित ख्यालाला तासभर बसण्याची ज्यांना सवय आहे अशा आपल्यासारख्यांनी तेवीस मिनिटांना दीर्घ म्हणावे तरी कसे?

विषम ताल घ्या. ‘पिंक फ्लॉइड’चे ‘मनी’ हे १९७३ चे गीत सात मात्रांत आहे म्हणून त्याचा केवढा गौरव होतो! परंतु त्याच गीतात गिटारचे एकल वादन सुरू झाले की ताल निमूटपणे चारावर येतो, आणि या वृंदाचे बहुतेक संगीत तर चार मात्रांतच चालते. म्हणजे या कसोटीने ‘पिंक फ्लॉइड’ अर्धे आत आणि अर्धे बाहेर. डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ चौकडीने १९५९ साली ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत वाजविले, त्याला कोणी रॉक म्हणत नाही. आणि आपल्याकडे सात मात्रांचा रूपक तर शिकाऊ तबलजीही वाजवितो. सातात वाजविणे हीच जर प्रगती, तर प्रत्येक गल्लीतला गायनवर्ग प्रगतिशील ठरेल.

शास्त्रीय उसनवार? ‘डीप पर्पल’ यांनी १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सबंध वाद्यमेळ्यासह कन्चर्टो सादर केला. तरी त्यांची गणना जड रॉकमध्येच होते. उलट ‘सॉफ्ट मशीन’ यांनी उसने घेतले ते बहुतांशी जॅझकडून. मेलोट्रॉन? प्रत्येक पट्टीखाली फितीचा एकेक तुकडा असलेले हे इंग्रजी वाद्य बीटल्सनीही १९६७ साली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गीताच्या आरंभी वापरले आहे. आणि ज्या ‘किंग क्रिमसन’ने ते वाद्य पंथाचे दैवत करून ठेवले त्यानेच १९८१ साली ‘डिसिप्लिन’ या तबकडीतून त्याला रजा दिली. आपल्याच दैवताचे विसर्जन करणाऱ्या त्या वृंदाला आता आमच्या पंचांनी बहिष्कृत करावे काय?

राहिले कथासूत्र. येथे तर इतिहासाने या मंडळींची फारच क्रूर थट्टा केली आहे. ‘जेथ्रो टल’च्या १९७१ सालच्या ‘अ‍ॅक्वालंग’ या तबकडीला टीकाकारांनी कथासूत्राची तबकडी म्हणून गौरविले. वृंदाचा नायक इयन अँडरसन याला ते मान्य नव्हते. त्याने चिडून म्हणा किंवा मौजेने म्हणा, १९७२ साली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ रचली: दोन बाजूंवर पसरलेले एकच गीत, आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाच्या नावावर खपविलेली कविता, आणि वेष्टनाच्या जागी छापलेले एक सबंध खोटे वर्तमानपत्र. सारी विडंबनाची सामग्री! आज लक्षणवादी या विडंबनालाच प्रगतिशील रॉकचा आदर्श नमुना म्हणून पुढे करतात. आणि आश्चर्य हे की तो आदर्श आहेही. विडंबन इतके मनापासून केले गेले की ते विडंबनाच्या पलीकडे गेले. कोणत्या लक्षणात हे बसवाल?

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट. ते म्हणतात, लक्षणे बिक्षणे सोडा. शब्दाचा अर्थ पाहा. जे संगीत पुढे जाते ते प्रगतिशील. जे जुने उगाळते ते नव्हे, मग त्यात दहा मेलोट्रॉन असोत. हा पक्ष तरुणांना आवडतो. ऐकायलाही तो उदार वाटतो. परंतु माझ्या मते हा पहिल्याहून अधिक घातक आहे. कारण पुढे कोण जात नाही? प्रत्येक कालखंडात, प्रत्येक प्रकारच्या संगीतात, कोणीतरी पुढे जातच असतो. त्या सर्वांना एकच नाव दिले तर ते नाव न राहता शाबासकी होते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पुरोगामी’ या शब्दाचे आपण काय करून ठेवले आहे ते त्याला ठाऊक आहे. ज्याला त्याला तो स्वतःसाठी हवा असतो, प्रतिपक्षाला नाकारायचा असतो. आणि तो उच्चारल्याने समोरच्या माणसाविषयी कोणतीही माहिती मिळत नाही, फक्त बोलणाऱ्याच्या मर्जीची मिळते.

शिवाय या पक्षाला इतिहासाचाही आधार नाही. १९७० च्या सुमारास इंग्लंडात ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण काही तत्त्वचिंतनातून जन्मलेले नव्हते. ते बव्हंशी दुकानातल्या टोपलीचे नाव होते. फिलिप्सने १९६९ साली ‘व्हर्टिगो’ ही मुद्रा अशा संगीतासाठी काढली. तिच्याखाली १९७० साली ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी निघाली आणि त्याच साली ‘जंटल जायंट’चीही. एकाचा वंश पुढे ‘मेटल’ म्हणून निराळा झाला, दुसरा या पंथाचा शास्त्री ठरला. एकाच टोपलीत आलेले आंबे आणि फणस पुढे वेगवेगळ्या बाजारांत गेले, एवढाच त्याचा अर्थ. टोपलीवरच्या चिठ्ठीत ऋषिवचन शोधणाऱ्यांची मला कीव येते.

मग सिद्धान्त काय? माझे म्हणणे सरळ आहे. प्रगतिशील रॉक हे एक घराणे आहे. आपल्या संगीतात घराणे हा शब्द ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने. घराण्याची व्याख्या लक्षणांनी होत नाही. ती नात्याने होते. कोणी कोणाचे ऐकून वाजवू लागले, कोणाकडून काय उचलले, कोणाशी भांडून काय टाकले, याचा जो वृत्तान्त, तेच घराणे. जयपूर-अत्रौली घराणे पाहा. अत्रौली हे अलीगडजवळचे गाव, जयपूर राजस्थानात, आणि ते घराणे अल्लादिया खाँसाहेबांच्या हाताखाली बहरले ते कोल्हापुरात आणि मुंबईत. नावावरून ठिकाण शोधायला निघालेला मनुष्य चुकेल. ‘जयपूर’ या शब्दाचा कोशातला अर्थ लावून केसरबाई केरकरांचे गाणे समजत नाही. तसाच ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा कोशातला अर्थ लावून ‘जेनेसिस’ समजत नाही. ते विशेषनाम आहे. विशेषण म्हणून त्याचे आयुष्य कधीच संपले.

हे एकदा मान्य केले की पुष्कळ गाठी आपोआप सुटतात. ‘मारिलियन’ या वृंदाने १९८३ साली पहिली तबकडी काढली तेव्हा ‘जेनेसिस’ची नक्कल म्हणून त्याची हेटाळणी झाली. ते प्रगतिशील आहेत का? घराण्यातले आहेत, निःसंशय. पुढे किती गेले हा वेगळा प्रश्न. १९८१ चे ‘किंग क्रिमसन’? घराण्यातलेच, आणि पुढेही गेलेले. फ्रान्समधील ‘माग्मा’, ज्याच्या क्रिस्टियाँ वाँदे या ढोलवादकाने आपल्या गाण्यांसाठी एक सबंध नवी भाषाच निर्माण केली? चुलत घराणे. आणि ‘रेडिओहेड’? नव्हेत. ते या वंशातून आलेले नाहीत, आणि हे नाव त्यांनी कधी हौसेने मिरविलेले नाही. परंतु पुढे जाण्याच्या बाबतीत ते घराण्यातल्या कित्येक वारसदारांच्या कोसभर पुढे आहेत. कुळ आणि शील हे दोन निराळे प्रश्न आहेत. कुळ जरूर विचारावे, त्यातून पुष्कळ कळते. परंतु शीलाची परीक्षा कुळावरून करणे हा जो आपल्या समाजाचा जुना रोग, तो ज्या संगीताने निदान रूढी मोडण्यासाठी जन्म घेतला त्याच्या भक्तांना जडावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. कोणी म्हणेल, दार राखणारा कोणी नसेल तर बाजार घरात शिरतो. कठोर निवड करणारे श्रोते होते म्हणून तर हे संगीत पंकच्या लाटेतून वाचले. मी हे अंशतः मान्य करतो. रसिकाने निवड केलीच पाहिजे. परंतु निवड गाण्याची करावी, गटाची नव्हे. याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. मार्च १९७८ मध्ये ‘हेन्री काऊ’ या इंग्रज वृंदाने इटली, स्वीडन, बेल्जियम आणि फ्रान्स येथून एकेक वृंद लंडनला बोलावून एक कार्यक्रम केला आणि त्याला ‘रॉक इन अपोझिशन’ असे नाव दिले. पाचांचे संगीत परस्परांहून अगदी भिन्न होते. समान एवढेच की ध्वनिमुद्रणाच्या बड्या कंपन्यांना ते नको होते. ती एका अन्यायाविरुद्ध केलेली एकजूट होती. लवकरच प्रवेशाच्या अटी ठरविण्यासाठी बैठक भरली, आणि काही काळातच संघटना मावळली. आज तिचे नाव कशासाठी उरले आहे? एका संगीतशैलीचे लेबल म्हणून! जे बाहेर ढकलले गेले म्हणून एकत्र आले त्यांच्या नावाने आता दुसऱ्यांना बाहेर ढकलण्यात येते. दार राखणाऱ्यांनी हा इतिहास दाराशीच लिहून ठेवावा.

आणि गटाला मान चिकटविला की काय होते याचे उदाहरण तर जगजाहीर आहे. १९८९ साली अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकांत जड रॉक आणि मेटल यांसाठी प्रथमच एक विभाग निघाला. सर्वांना वाटले ‘मेटॅलिका’ला मान मिळणार. मिळाला तो ‘जेथ्रो टल’ला, म्हणजे ज्या वृंदाचा नायक एका पायावर उभा राहून बासरी वाजवितो त्याला! सभागृहात हुर्यो उडाली. त्यांच्या कंपनीने जाहिरात देऊन बासरी हेही धातूचे जड वाद्य असल्याची कोटी केली. पुढल्या वर्षी त्या विभागाचे दोन विभाग करण्यात आले. परंतु चूक विभागणीत नव्हती. खण दोन करा, चार करा. जोवर खणाला पदक बांधलेले आहे तोवर प्रत्येक जण भलत्या खणात शिरण्याची किंवा दुसऱ्याला हुसकण्याची धडपड करणारच.

हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण कागदांना खण नेमून देणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. फाईलवर विषय लिहिताना मी कागदाची योग्यता ठरवीत नाही. तो उद्या हवा असला तर सापडावा, एवढ्यासाठी विषय लिहायचा असतो. एखादा कागद दोन विषयांत मोडत असला तर एकात तो ठेवतात आणि दुसऱ्यात त्याची नोंद करतात. कोणी त्यासाठी वितंडा घालीत नाही, आणि भलत्या फाईलमध्ये सापडला म्हणून कोणी कागद फाडून टाकीत नाही. जो कारकून विषय पाहून कागद न वाचताच शेरा मारतो, त्याला आमच्या खात्यातही कोणी चांगला कारकून म्हणत नाही. मग हे प्रगतीचे स्वयंनियुक्त कारकून, ज्यांना पगार नाही आणि वरिष्ठही नाही, ते मात्र गीत निम्म्यावर थांबवून शेरा मारण्यात भूषण कसे मानतात?

शिलाँगहून माझी बदली झाली त्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात मी ‘ओके कॉम्प्युटर’ एकट्याने, आरंभापासून अखेरपर्यंत, तीन वेळा ऐकली. माझा निर्णय बदललेला नाही: ते प्रगतिशील रॉक नव्हे. तबकडी मात्र थोर आहे, आणि त्या शनिवारी आठ माणसे त्या खोलीत बसून तिला मुकली, कारण नाव काय द्यावे हे ठरल्याखेरीज ऐकायचे नाही असा आमचा नेम होता. आमचा निकाल चुकला नव्हता. खटलाच अनाठायी होता. त्या तरुणाने आम्हाला कुळाचा दाखला मागितला नव्हता. त्याला जे आवडले ते त्याने ओलेत्याने, पावसातून, छातीशी धरून आणले होते, आणि आम्ही त्याच्याकडे दाखला मागितला.

तो पुढे कचेरीत रोज दिसे, नमस्कार करी, कागद पुढे ठेवी. गाण्याविषयी तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि मीही विषय काढण्याचे धैर्य केले नाही. प्रगतिशील संगीताचा आम्ही केलेला एवढाच एक निश्चित असा प्रसार.